रूरीची लढाई

मार्सली पुढे होऊन सासूच्या हातातली पिशवी घ्यायला गेली, पण एफीने ती सोडली नाही. ओबनच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेली माणसं दोन्ही बाजूंनी वाट काढत जात होती, आणि त्या दोघी एकाच पिशवीचा एकेक बंद धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

“जड आहे, आई. द्या इकडे.”

“बॅरा बेटाहून इथवर मीच आणलीय ना? मग गाडीपर्यंतही नेईन.”

मार्सलीने हात काढून घेतला. फेब्रुवारीत जे झालं त्यानंतर त्या आज पहिल्यांदा भेटत होत्या.

फेब्रुवारीत रूरी जंगलात झाडतोडीच्या कामावर होता. दुपारी भाकरतुकडा खायला म्हणून सगळ्यांपासून जरा लांब, एका ओंडक्याला टेकून बसला तो उठलाच नाही. चाळिशी नुकती ओलांडलेला, धडधाकट माणूस. त्याच रात्री समुद्रावर वादळ उठलं. बोटी बंद, विमान बंद. एफी बेटावरून रोज फोन करायची आणि रोज एकच सांगायची, “थांब गं. वारा पडेल. मी आल्याशिवाय त्याला नेऊ नका.” मार्सली थांबली. पुढच्या खोलीत तो पेटीत निजलेला, आणि सकाळी चहा करताना तिचा हात सवयीने दुसऱ्या कपाकडे जायचा. मग एके दिवशी तिच्याने थांबवेना. तिने पाद्रीबाबांना सांगितलं, आज. वारा पडला तो त्याला मातीत ठेवल्यानंतर.

एफीने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. काढला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मार्सलीला बरं वाटलं असतं.

गाडी गावाबाहेर पडून खोऱ्याच्या रस्त्याला लागली. एफीने विचारलं, “सिनेमा किती वाजता?”

“दुपारच्या चहानंतर. खोऱ्यातल्या हॉलमध्येच दाखवणारेत. कंपनीने आधी आपल्याकडे पाठवलाय, कामं केली त्यांच्यासाठी.”

आदल्या उन्हाळ्यात ती सिनेमावाली मंडळी खोऱ्यात येऊन राहिली होती. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी इंग्रज राजाविरुद्ध बंड केलं, त्याचा भलाथोरला सिनेमा. खोऱ्यातले झाडून सगळे पुरुष त्यांनी गोळा केले, दाढ्या वाढवायला लावल्या, अंगावर खरखरीत घोंगड्या आणि हातात रबरी कुऱ्हाडी दिल्या. रूरीसारखा आनंद कोणालाच झाला नव्हता. संध्याकाळी चिखलाने माखून घरी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “मार्सली, पाणी तापव, तुझा नवरा युद्धातून परत आलाय!”

आता हे सासूला कसं सांगावं, या विचाराने मार्सलीने दोन वळणं काढली. शेवटी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “आई, एक सांगू? तुम्ही घरीच थांबलात तरी चालेल. मीही थांबते. त्यात तो… लढाई संपल्यानंतर मैदानात जे पडलेले असतात, त्यांच्यात तो आहे. मेलेला.”

“ठाऊक आहे मला. हेक्टरने फोनवर सांगितलं.”

“मग?”

“म्हणून तर आलेय.” एफी खिडकीबाहेर बघत होती. “जिवंत मी त्याला पुष्कळ पाहिलाय.”

मार्सलीने उगाचच गिअर बदलला. गाडीने एक आचका दिला.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सायकली, ओले रेनकोट, बायकांनी आणलेले गोडसर स्कोन-पावांचे डबे, चहाचा भलामोठा पितळी बंब. पुरुष लग्नाला आल्यासारखे दाढ्या करून आले होते. हेक्टर, रूरीबरोबर जंगलात काम करणारा, सहा फुटी, लालबुंद तोंडाचा, त्याने दोघींसाठी पुढून तिसऱ्या रांगेत खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. एफीला बघून त्याने टोपी काढली. म्हणाला, “प्रवास बरा झाला ना, मावशी? समुद्र शांत होता?”

“आज होता,” एफी म्हणाली.

मार्सलीने मान खाली घातली.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला अर्धा तास कोणी तो धड ऐकू दिला नाही. नायक बाहेरून आणलेला नट होता, इथली बोली त्याच्या तोंडात बसत नव्हती. तो तोंड उघडायचा आणि मागून कोणीतरी म्हणायचं, “आधी तोंडातला बटाटा गीळ रे बाबा!” इंग्रजांची फौज टेकडीवर दिसली तेव्हा तर गहजब झाला, कारण दाढ्या नीट न वाढलेल्या सगळ्यांना कंपनीने इंग्रज केलं होतं.

“अरे, तो बघ आपला पोस्टमन! गद्दार!”

“मी काय हौसेने गेलो होतो? चिलखत माझ्याच मापाचं निघालं!”

“माझं टपाल उशिरा का येतं ते कळलं आता.”

हशा पिकला. मार्सलीही हसली. हसता हसता तिने शेजारी पाहिलं. एफी ताठ बसली होती, काळ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात जपमाळ.

मग लढाई आली. घोडे, धूळ, आरडाओरडा. कुऱ्हाडी रबरी होत्या हे माहीत असूनही बायकांनी तोंडावर हात घेतले. त्या धुमश्चक्रीत रूरी कुठेच दिसला नाही. मार्सलीच्या मनात आलं, कापलं असेल त्याचं काम. इतक्या माणसांत कोणाला आठवण राहतेय. आणि या विचारासरशी तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

लढाई संपली. एकदम शांतता. पडद्यावर पहाटेचा करडा उजेड आणि भुरभुर पाऊस. कॅमेरा जमिनीलगत हळूहळू सरकत निघाला, पडलेल्या माणसांवरून. हॉलमध्ये अजून कुजबूज चालली होती. “हा डंकनचा बूट.” “हा मी, पालथा.” “पालथाच बरा दिसतोस.”

आणि मग रूरी आला.

उताणा पडलेला, एक हात डोक्यामागे, चेहरा पावसाने स्वच्छ धुतलेला. डोळे मिटलेले. दाढीत एक गवताची काडी. सगळा पडदा भरून त्याचा चेहरा.

हॉलमधला आवाज दिवा मालवावा तसा गेला. कोणीतरी उठून उभं राहिलं, तशी खुर्ची वाजली. मार्सलीने वळून पाहिलं. एफी उभी होती. मागे कोणी “बसा” म्हणालं नाही. हेक्टर उठला. त्याच्यामागे पोस्टमन उठला. मग रांगामागून रांगा खुर्च्या वाजत गेल्या, पुरुषांनी टोप्या काढून छातीशी धरल्या, आणि एफीच्या तोंडून गेलिक भाषेतली ती प्रार्थना, गेलेल्यासाठी घरात म्हणतात ती, अगदी हळू आवाजात सुरू झाली. काही म्हाताऱ्यांनी तिच्यात आवाज मिसळला.

मार्सलीही उठली. तिला पडद्याकडे बघायचं नव्हतं. तरी तिने बघितलं, आणि तेव्हा तिला ते दिसलं.

रूरीच्या गळ्याच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलं होतं. कॅमेरा आता त्याच्यावरून पुढे सरकणार, इतक्यात ते पाणी थरथरलं, भरलं, आणि एका बाजूने ओघळून गेलं. छाती वर आली. खाली गेली.

श्वास. इतक्या जणांनी सिनेमा पाहिला, कापला, जोडला, आणि तो कोणाच्या नजरेस आला नाही. मेलेल्या रूरीने पडल्या पडल्या एक मोठा, आळसावलेला श्वास घेतला होता, रविवारी सकाळी घ्यायचा तसा.

तिच्या हातात कोणाचातरी हात होता. तो तिने किती घट्ट दाबलाय याचं तिला भान नव्हतं. मग पडद्यावर दुसराच कोणी आला, मग राजा, मग राणी, आणि माणसं एकेक करून खाली बसली.

सिनेमा संपल्यावर मार्सलीला वाटलं होतं, सासू तडक गाडीकडे जाईल. एफी दाराशी जाऊन थांबली. बाहेर लख्ख उजेड होता, उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा. ती दाराच्या एका बाजूला उभी राहिली, जशी दफनाच्या दिवशी घरची माणसं उभी राहतात, आणि मान वळवून म्हणाली, “तू तिकडे काय उभी? इकडे ये, माझ्याजवळ.”

मार्सली गेली. एफीने तिला दंडाला धरून आपल्या उजव्या हाताला उभं केलं.

माणसं ओळीने येत राहिली. प्रत्येकाचा हात एफीने दोन्ही हातांत घेतला. “तू होतास ना त्याच्या शेजारी? पावसात? उपकार झाले रे बाबा.” डंकनला म्हणाली, पोस्टमनला म्हणाली. हेक्टरची पाळी आली तेव्हा त्या धिप्पाड माणसाचा चेहरा वेडावाकडा झाला.

“जंगलात तो एकटा होता, मावशी. मी पलीकडच्या उतारावर होतो. मला कळलंच नाही.”

“आज नव्हता तो एकटा,” एफी म्हणाली. “चांगला झाला माझ्या पोराचा निरोप. पुष्कळ माणसं आली.”

हेक्टर टोपी घालत बाहेर पडला. शेवटची बाई चहाचा बंब उचलून गेली. दाराशी दोघीच उरल्या.

मार्सलीच्या ओठांवर ते आलं होतं. आई, तुम्ही पाहिलंत का? पण म्हातारीच्या चेहऱ्यावर इतकी निवांत कळा होती, इतक्या महिन्यांनी आलेली, की तिने ते गिळलं. आता निरोप झालाय. आता त्याला पुन्हा श्वास कशाला घ्यायला लावायचा?

“सिनेमा उद्या परत आहे म्हणे,” एफी कोटाचं वरचं बटण काढत म्हणाली. “पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांसाठी.”

“हो. तुम्हाला यायचंय?”

“मला काय करायचंय? माझं झालं.” तिने आपला डावा हात उघडमीट करून पाहिला. त्याच्यावर चार बोटांचे वळ अजून लाल होते. “तू जा. पुढे बस, अगदी पुढे. पाणी ओघळतं तिथे डोळे मिटू नकोस.”