आखूड दोर

बेनाक यायच्या आधी होडीचा दोर लांब सोडायचा, हे या गावात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. बेनाक म्हणजे समुद्राची भरती; ती लाटेची भिंत होऊन नदीत घुसते आणि पाणी बघता बघता माणूसभर चढतं. दोर आखूड असला की होडीचं नाक खाली अडकतं, होडी भरते आणि बुडते. सेनाहने हे डोंगराकडच्या जावयाला, सपावीला, लग्नापासून ऐकवून ऐकवून जीव नकोसा केला होता.

आज मात्र तिचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मूल आडवं आलंय, पलीकडच्या इस्पितळात न्या, असं सांगून सुईणीने हात टेकले होते. ओहोटीमुळे नदीत नुसता चिखल. बेनाक येऊन गेल्याशिवाय होडीने पलीकडे जाता येणार नव्हतं. गावातल्या बाकी होड्या मासेमारीला गेलेल्या. घरात लेकीचं, रुबियाचं, ओरडणं थांबून आता नुसतं कण्हणं उरलं होतं, आणि ते जास्त भयंकर होतं.

"दोर लांब सोडलास ना रे, डोंगऱ्या?"

"सोडला, माक." बायकोसारखंच तोही सासूला माक, म्हणजे आई, म्हणायचा. "दोनदा बघितला. आता तरी नावाने हाक मारा मला!"

"नातवंड हातात दे, मग मारते."

सपावी बायकोला उचलायला घरात गेला. सेनाह धक्क्याच्या पायऱ्या उतरली. होडी लांब चिखलात कलंडली होती. लेकीला एक पाऊल टाकवत नाही, तिला तिथवर कशी न्यायची? तिने होडी ओढत ओढत पायरीशी आणली आणि दोर खांबाला करकचून बांधला. आता पोरीला अलगद होडीतच ठेवता येईल, म्हणून तिला जरा बरं वाटलं. मग ती गादी आणायला वर गेली.

वळणावरून बेनाकची घरघर ऐकू आली आणि तिला दोर आठवला. गादी टाकून ती धावत सुटली. ती पोचेपर्यंत होडीचं नाक पाण्याखाली गेलं होतं. तिची गाठ जन्मात कधी सुटली नव्हती. आजही सुटली नाही.

सपावी मागून धावत आला. "मी लांबच सोडला होता हो, माक! शपथ, लांबच सोडला होता!" तो लहान मुलासारखा रडत होता.

"हो रे, सपावी," ती म्हणाली. "आखूड बांधला तो मी."

नदी काठोकाठ भरली होती. घरातून रुबियाचा बारीक आवाज आला.

"माक, पाणी आलं का गं?"