बिबट्याची रंगीत तालीम

केंदूरच्या पुढं वाडीवरच्या शाळेत नववीची सहल ठरली, तेव्हा सीमा मॅडमना वाटलं होतं, सगळ्यात अवघड काम एसटी मिळवायचं असेल. सहल भीमाशंकरच्या बाजूला, डोंगरात. वनखात्याची एक लाकडी कुटी, तिथं एक रात्र मुक्काम. शेवटचा रस्ता पायी, कुटीत वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. एसटी लगेच मिळाली. अडले ते पालक.

पालकसभेत एकच प्रश्न फिरूनफिरून येत राहिला. डोंगरात बिबट्या असला तर? मॅडमनी सांगून पाहिलं की बिबट्या आपल्या उसातही आहे, परवाच त्यानं वस्तीवरचं कुत्रं नेलं. पालकांचं म्हणणं, तो आपला, रोजच्या बघण्यातला. तिकडचा कसा असेल, कुणी सांगावं?

तेव्हा नवनाथ उठला. नवनाथ म्हणजे प्रगतीचे वडील. रांजणगावच्या एका कंपनीत तो सेफ्टी विभागात होता, आणि ड्युटी संपली तरी सेफ्टी त्याच्या अंगावरून उतरत नसे. घरात गॅसच्या टाकीशेजारी वाळूची बादली होती. गोठ्याच्या दारावर बाण काढून 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी पाटी लावलेली होती, आणि म्हशी तिच्याखालून निमूट ये-जा करत. तो म्हणाला, भीती घालवायची तर मॉक ड्रिल करायचं. आधी पोरं तयार करू, मग पाठवायचं का न्हाई ते ठरवा. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या प्रगतीनं हे ऐकलं आणि ती खाली बसली.

पुढचा आठवडाभर नवनाथ ड्युटीवरून थेट शाळेच्या मैदानावर येई. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही. सगळ्यांनी एका जागी यायचं, हात वर करून मोठं दिसायचं आणि जोरात ओरडायचं, हे त्यानं पोरांकडून घोकून घेतलं. कंपनीत टाकून दिलेली चमकत्या पट्ट्यांची पिवळी जाकिटं त्यानं मागून आणली आणि सगळ्या वर्गाला घातली. पाठीवर सहलीच्या पिशव्या घेऊन पोरं रस्त्याच्या कडेनं चालायचा सराव करत असताना एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवली आणि पुढं चालणाऱ्या संघर्ष नावाच्या पोराला अदबीनं विचारलं, "भैया, रास्ता बंद है क्या?" संघर्षनंही त्याला हातानं बाजूचा रस्ता दाखवला. तो ट्रक बराच वेळ मैदानापलीकडच्या कोंडिबा आबांच्या कांद्याच्या वावरात फिरत होता.

शनिवारी शेवटची तालीम होती. तिला बिबट्या हवा होता. शिपाईमामा नाही म्हणाले, त्यांचे गुडघे दुखत होते. म्हणून नवनाथ स्वतःच बिबट्या झाला. त्याची आई अनसाबाई हिनं बाजारातून ठिपक्याठिपक्यांचं जाड ब्लँकेट आणलं होतं. ते त्यानं न विचारता दोरीवरून उचललं, गळ्याशी गाठ मारली आणि मैदानालगतच्या उसात शिरला.

ठरल्याप्रमाणं पोरं मैदानात चूल मांडल्याचं सोंग करत बसली. ठरल्याप्रमाणं उसातून गुरगुर आली आणि ठिपक्यांचं काहीतरी रांगत बाहेर निघालं. पोरं क्षणात एकत्र झाली. हात वर गेले. असा काही कल्ला उठला की सीमा मॅडमनाच दचकायला झालं.

पलीकडं कोंडिबा आबा कांद्याला पाणी देत होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की शाळेची पोरं जीव खाऊन ओरडताहेत आणि समोर ठिपक्यांचं जनावर आहे. त्यांनी हाळी दिली, पोलीस पाटलांना फोन केला, आणि बघताबघता काठ्या, घमेली, पत्र्याचे डबे घेऊन निम्मी वाडी मैदानाकडं लोटली.

नवनाथचं डोकं ब्लँकेटात होतं. त्याला जमिनीशिवाय काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू आलं, "बिबट्या आला, उसाकडंच हाय." त्याला वाटलं, खरा बिबट्या आपल्या मागं आहे. आठवडाभर शिकवलेलं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. तो दोन पायांवर उठला, ब्लँकेट फडफडवत मैदानातून पळाला आणि कडुनिंबावर चढला.

लोक थबकले. बिबट्या झाडावर चढतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण झाडाखाली बिबट्याची एक चप्पल पडली होती.

तरी एकानं दगड उचललाच. तेवढ्यात गर्दीतून अनसाबाई पुढं आली, तिनं वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मारू नका. ब्लँकेट नवं हाय."

थोड्या वेळानं वनखात्याची गाडी पिंजरा आणि जाळी घेऊन पोचली. माया नावाच्या तरुण वनरक्षक उतरल्या. त्यांनी झाडाकडं पाहिलं आणि मॅडमना विचारलं, नर आहे का मादी. मॅडमनी सगळी हकिकत सांगितली. नवनाथ भीतीपोटी चढला होता, उतरायचं त्याला जमेना, म्हणून बिबट्याची जाळी खाली धरून त्याला उडी मारायला लावली. त्यात पाय मुरगळला तो मुरगळलाच. मग मायांनी पोरांना विचारलं, तुम्ही काय केलं? पोरांनी जागेवरच करून दाखवलं.

"पोरांचं सगळं बरोबर होतं," माया पालकांकडं वळून म्हणाल्या. "पळाला तो फक्त बिबट्या."

आधी कोंडिबा आबा हसले, मग सगळी वाडी. त्यानंतर पाठवू नका म्हणायला कुणाला तोंडच उरलं नाही.

प्रगती मात्र वडिलांशी बोलेना. वर्गातली पोरं तिला बछडा म्हणत होती. नवनाथ घरात पाय वर करून बसे आणि ती जेवायचं ताट ठेवून निघून जाई.

सहलीच्या सकाळी एसटी शाळेपुढं लागली. सोबतीला एक पालक हवा होता आणि ज्यांनी कबूल केलं होतं त्यांना ऐनवेळी जादा शिफ्ट लागली. मॅडम इकडंतिकडं बघत होत्या. नवनाथ लंगडत निरोप द्यायला आला होता, पण त्याचं नाव घ्यायला कुणी धजेना. शेवटी प्रगतीच मॅडमपाशी गेली.

"मॅडम, पप्पांना घ्या."

"त्यांचा पाय दुखतोय ना गं?"

"व्हय. पण इथं ठिवलं तर दोन दिवसात आनखी कायतरी करत्याल," ती म्हणाली. मग दुसरीकडं बघत, "आन् त्यांनी शिकवलं म्हणून तर आमी चाललोय."

नवनाथ गाडीत चढला आणि शेवटच्या बाकावर बसला. प्रगती मैत्रिणींची जागा सोडून त्याच्या शेजारी येऊन टेकली. पायाच्या ठणक्यानं रात्रभर जागा असलेला तो, पाबळ यायच्या आत खिडकीला डोकं टेकून घोरायला लागला. पोरांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग त्याच ठेक्यावर टाळ्या धरल्या आणि गाणी सुरू केली.