सतरावी रांग

सकाळी निघताना लेकीच्या, नीवेसच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग गालाला, मग पुन्हा कपाळाला. ताप नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या चाचपण्यानेच येईल आता. जा बाई."

बास्केटबॉल क्लबातल्या माझ्या उन्हाळी उमेदवारीचा हा सातवा आठवडा. क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण नीवेसच्या वेळी अर्धवट सुटलं होतं, ते आता पुरं करत होते. सप्टेंबरात तिकीट विभागात एक जागा भरायची होती, आणि माझ्या कामाचा अहवाल विभागाचे प्रमुख बेल्तरामीसाहेब आज संध्याकाळी लिहिणार होते. साहेब इंजिनियर, त्यामुळे त्यांना सगळे 'इंजिनियरसाहेब' म्हणत. मला मुलगी आहे हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. तरुण बाईला नोकरी देताना आमच्याकडे सगळ्यात आधी कोणता हिशेब मांडतात ते मला ठाऊक होतं. पण नगरपालिकेच्या पाळणाघरात नीवेसला घ्यायचं तर शुक्रवारपर्यंत माझ्या नोकरीचं पत्र लागणार होतं.

हंगामभराच्या सामन्यांच्या जुन्या पासधारकांना आपली नेहमीची खुर्ची राखून ठेवायला आज सहापर्यंतच मुदत होती. सहानंतर उरलेल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या व्हायच्या. राहिलेल्यांना मी एकेक फोन लावत होते. एकाने आधी नव्या खेळाडूची उंची विचारली. एक बाई म्हणाल्या, नवरा आणि मी वेगळे झालोय, मला त्याच्यापासून चार खुर्च्या लांब द्या, पण फार लांब नको.

दहा वाजता मी साहेबांना सांगितलं, की सतरावी रांग पूर्ण रिकामी आहे, चौतीसच्या चौतीस खुर्च्या. साहेबांनी मान वर न करता, अपशकुन टळावा म्हणून टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावला.

"सतराव्या रांगेत कोण बसायला जाईल, फ्लोरियाना? सहा वाजले की निम्म्या दराने काढा. विद्यार्थी घेतील. त्यांना परीक्षेशिवाय कशाची भीती नसते."

मलाही ते पटलं. आमच्याकडे सतरा आकडा अशुभ; माझं स्वतःचं लग्न सतरा तारखेचं अठरावर ढकललं होतं. रांग रिकामी का, असा प्रश्नच आम्हा दोघांना पडला नाही.

चारच्या सुमाराला पेरोत्ता मास्तर आले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं होतं, त्यात मीही होते. आता त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. नातवाने गेल्या आठवड्यात त्यांचा पास घरबसल्या काढून दिला होता, रांग अठरा, खुर्ची नऊ, गेली तीस वर्षं होती तीच. ते या उन्हाळ्यात बसवलेल्या नव्या खुर्च्या बघायला म्हणून आत गेले आणि काठी टेकत परत आले.

"माझ्या पुढे कुणाला आणून बसवलंत, पोरी?"

मी त्यांच्याबरोबर गेले. मास्तरांची खुर्ची बाहेर जायच्या दाराच्या बरोबर वरची. तिच्या पुढे खुर्चीच नाही, म्हणून पाय सरळ पसरता येतो. पण नव्या खुर्च्यांवर चिकटवलेल्या कागदांप्रमाणे त्यांची जागा तिच्या एक रांग मागे होती. मी खालून बोटाने रांगा मोजल्या. दारावरची रांग सतरावी भरली.

मग माझ्या लक्षात आलं. ज्याने हे क्रीडागृह बांधलं त्याने सोळानंतर एकदम अठरा आकडा घातला होता. जूनमध्ये नवा आराखडा संगणकात भरला तो मी. एकवीस रांगा मोजल्या आणि एक ते एकवीस आकडे दिले. जुनी बाविसावी शाळकरी मुलांची होती, तिचे पास कधी निघालेच नाहीत, म्हणून संगणकाचंही काही अडलं नाही. एकशे बारा माणसं एकेक रांग मागे सरकली होती आणि दारावरची रांग दोन तासांत विकली जाणार होती.

"मास्तर, मी आत्ताच तुम्हाला तुमची जुनी खुर्ची लिहून देते," मी म्हटलं.

"कागदावर ती कोणत्या रांगेत?"

"सतराव्या."

त्यांनी काठीने आपल्या गुडघ्यावर टकटक केलं. "एक पाय गेलाच आहे. दुसरा राहू दे की." मग जरा थांबून, "आणि बाकीचे?"

बाकीच्यांना ऑक्टोबरात कळलं असतं, पहिल्या सामन्याला. तोवर माझ्या हातात पत्र असतं, नीवेस पाळणाघरात असती, आणि कागद चिकटवणाऱ्या माणसावर ढकलता आलं असतं. काय बोलायचं तेसुद्धा मी पायऱ्या उतरता उतरता मनात जुळवलं. मग मास्तरांना खाली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि साहेबांच्या खोलीत गेले.

सगळं ऐकून साहेबांनी जुना आराखडा मागवला. सोळावर बोट ठेवलं, अठरावर ठेवलं.

"आकडे कुणी भरले?"

"मी."

"आणि रांग रिकामी आहे म्हटल्यावर मी लोखंडाला हात लावला." त्यांनी चष्मा काढला. "विक्री उद्या सकाळी सुरू करू. बसा."

ते नावं वाचत गेले, मी एकेकाला पुढच्या रांगेत आणत गेले. सतरा आकडा आधीच पुसून टाकला होता, पूर्वीसारखा सोळानंतर अठरा. मास्तर नवा पास खिशात घालून साडेपाचला गेले. पंचवीस नावं उरली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि फोन वाजला. सासूबाई. मी उठून बाहेर जाणार होते, पण साहेब पुढचं नाव घेऊन थांबले होते. तिथेच बोलले. खिचडीसारखं मऊ काहीतरी द्या तिला, म्हटलं, आणि अंग कोमट लागतंय का बघा.

फोन ठेवला. साहेब कागदाकडेच बघत होते.

"केवढी आहे?"

"अडीच वर्षांची."

"पाळणाघराला पत्र कधीपर्यंत लागतं?"

"शुक्रवारपर्यंत."

"उद्या सकाळी आठवण करा, देतो. मी विसरतो." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "रांग एकवीस, खुर्ची दहा. स्कोन्यामिल्यो, मातिल्दे."

मी तिला तिच्या जागेवर बसवलं.