बुरुजाचं कार्ड

“बाबा, कार्ड उलटं धरलंय तुम्ही,” लेक म्हणाली.

मी सरळ धरलं. उंच बुरूज, त्यावर वीज कोसळलेली, आणि दोन माणसं डोकं खाली करून पडतायत. लेकीला हल्ली या टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगायचा, नाद लागलाय. घरात कुणी रिकामं दिसलं, की त्याला कार्ड काढायला लावते. मी तेहेतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. मला माणसं पडण्याचं चित्र कौतुकाने दाखवू नये, एवढी तरी अक्कल हवी.

“जुने लोक याचा अर्थ सर्वनाश असा लावायचे,” ती म्हणाली. “आता तसं मानत नाहीत. माणूस स्वतःबद्दल एक खोटी इमारत बांधून ठेवतो, ती पडते. पडली की बरं, म्हणतात.”

“कोण म्हणतं? पडणारे?”

बायको आतून म्हणाली, “त्यांची कसली आलीय खोटी इमारत? तेहेतीस वर्षांत एक चूक नाही.” हे वाक्य मीच घरीदारी इतक्यांदा ऐकवलंय, की तिला पाठ झालंय.

मग मी पिशवी उघडली. कामावरून आलो की जंपर मोजायचे, हा माझा नेम. जंपर म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेली वीतभर वायर. दाराचा स्विच तपासताना ती पॅनेलमध्ये लावतात. मग दार उघडं असलं तरी लिफ्टला ते बंदच वाटतं आणि ती चालते. तपासून झालं की वायर काढायची. माझ्याकडे तीन आहेत.

पिशवीत दोनच निघाल्या.

पिशवी पलंगावर रिकामी केली, खिसे चाचपले. दोनच. दुपारची सात मजली इमारत आठवली, वरची मशीनरूम आठवली, आणि पॅनेलचं झाकण लावता लावता आलेला फोन. सहा वाजत होते, माणसं घरी परतायची वेळ. कुणीतरी घाईत दार उघडं टाकणार, लिफ्ट तशीच निघून जाणार, आणि मागून येणारा न बघता आत पाऊल टाकणार. आत नुसता खड्डा.

चौथ्यांदा लावल्यावर तिथल्या वॉचमनने फोन उचलला.

“दादा, लिफ्टचा मेन स्विच पाडा. आत्ताच्या आत्ता.”

“का हो? मस्त चाललीय की.”

“जरा तपासायचं राहिलंय.”

“मग सकाळी या ना. आत्ता बंद केली तर सातव्या मजल्यावरच्या आजी माझं डोकं खातील.”

लेक माझ्याकडे बघत होती, बायको दारात येऊन उभी राहिली होती. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? त्या क्षणीसुद्धा मी एखादं बरंसं कारण शोधत होतो.

“चूक झालीय माझ्याकडून,” शेवटी म्हणालो. “वायर राहिलीय आत. लिफ्ट उघड्या दाराने चालेल. कुणी पडलं तर जीव जाईल हो. बंद करा, पाया पडतो.”

फोन चालू ठेवूनच तो पळाला. चपलांचा आवाज आला, मग काहीच येईना. लेकीने येऊन माझा दंड धरला.

“पाडला,” बऱ्याच वेळाने तो धापा टाकत म्हणाला. “लिफ्ट खालीच होती, रिकामी. पण तिसऱ्या मजल्याचं दार सताड उघडं होतं. एक बाई पोराला कडेवर घेऊन तिथंच फोनवर बोलत उभी होती. दार लावलं मी.”

मी पायांत चपला सरकवल्या.

जाऊन वायर काढली. वॉचमन म्हणाला, “आपल्या दोघांतच राहू दे.” बरं वाटलं ऐकून. रात्रभर मात्र ते उघडं दार डोळ्यांपुढून हलेना, म्हणून सकाळी साहेबांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, “यापुढे तुमचं काम दुसरं कुणीतरी तपासेल.”

दुसरं कुणीतरी म्हणजे मीच शिकवलेली एक मेकॅनिक. त्या दुपारी मशीनरूममध्ये माझं काम झालं, आणि ती पॅनेलसमोर उकिडवी बसली.

“काका, तुम्ही बसा ना बाहेर. मी बघते.”

“अंधार आहे,” मी म्हणालो, आणि टॉर्च लावून तिच्या मागे उभा राहिलो.

ती एकेक स्क्रू, एकेक वायर बोटाने चाचपत होती, घाई न करता, मी शिकवलं होतं तशीच.

“जरा डावीकडे,” ती म्हणाली.

मी टॉर्च डावीकडे धरला.