खाली फ्लॅश आणि लंडनचा हिरामण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मोबाइलमधल्या त्या टिकलीएवढ्या कॅमेऱ्याशी माझी तुलना करणार असाल, तर ही गोष्ट इथेच थांबवू. माझं अंग धातूचं आहे, वजन भरभक्कम आहे आणि माझ्या पोटात रोल घालावा लागतो. एका रोलवर छत्तीस फोटो. एखादा चुकला तर चुकला, पुसायची सोय नाही. त्यामुळे माझ्यासमोर उभं राहताना माणसं श्वास रोखून धरत, पोट आत घेत आणि उगाचच गंभीर होत.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका थंडगार कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण माझ्या भिंगावर झाकण होतं. ते निघालं थेट उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात, एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. एका बाजूला भिंतीवरची घड्याळं, दुसऱ्या बाजूला इस्त्र्या, आणि मधे मी. एके दिवशी अंबरनाथचा दिनानाथ आला. त्याने मला डोळ्याला लावलं आणि बटण दाबलं. मी 'खटॅक' असा आवाज केला. तो ऐकून दिनानाथ असा काही हसला, की दुकानदाराने भाव कमी करायचा विचार मनातून काढून टाकला.

त्या आवाजाचा मला अजूनही अभिमान आहे. माझा आतला पडदा उघडून मिटतो तेव्हा तो येतो. तो आला म्हणजे समोरचं माणूस माझ्या पोटात उतरलं असं समजायचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दिनानाथचा अंबरनाथला छोटा स्टुडिओ होता. मागच्या पडद्यावर धबधबा रंगवलेला होता आणि त्याच्यासमोर बसलेल्या मुलांना हमखास शू लागायची. पण आमची खरी धावपळ लग्नांत. बुद्धविहारातली लग्नं, शेतातले मांडव, हळदी, बारशी, सगळीकडे मी दिनानाथच्या गळ्यात असे. त्याच्या बायकोने माझ्यासाठी लाल दोऱ्याचा पट्टा विणला होता. तो घालून मी मांडवात शिरलो की नवरदेवापेक्षा जास्त लोक माझ्याकडे बघत.

लग्नात माझ्या डोक्यावर फ्लॅश बसवत. हा फ्लॅश म्हणजे माझ्या आयुष्यातली मोठी कटकट. काम मी करायचं आणि लोकांचे डोळे याने दिपवायचे. शिवाय त्याच्या पाठीला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की नुसता लख्ख उजेड पडे, फोटो निघत नसे. आता लग्नात फोटो कुणाला नको असतो? नवऱ्याच्या आतेभावाचा मित्र, बँडवाला, मांडववाल्याचा जावई, सगळे केस सारखे करून रांगेत उभे. रोल मात्र दोनच. मग फोटोवाले 'हसा' म्हणत, ते बारीक बटण दाबत आणि माणूस खूश होऊन जेवायला जाई. धंद्यात याला 'खाली फ्लॅश', म्हणजे रिकामा फ्लॅश, म्हणत. आपला फोटो कुठल्या तरी अल्बममध्ये आहे अशा समजुतीत आमच्या भागातली कितीतरी माणसं सुखाने जगत आहेत, ती या फ्लॅशच्या कृपेने. मी त्यात कधीच सामील नव्हतो. मी तोंड मिटून बसत असे.

चिखलोलीला हिरामणचं लग्न होतं. हिरामण आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला, घरची भातशेती. त्याची आई अंजनीबाई दिवसभर चुलीपाशी होती. भाताची पातेली उतरवणं, पंगती उठवणं, रुसलेल्या व्याह्यांना पुन्हा पाटावर आणून बसवणं, सगळं तिच्याकडे. संध्याकाळी जेवणं उरकली आणि दिनानाथने माझा खटका ओढून पाहिला. तो हलेना. शेवटचा रोल संपला होता. तेवढ्यात अंजनीबाई आली. तोंड धुतलेलं, हिरवं लुगडं नेसलेलं. आता माझा एक काढ, म्हणाली. मग 'थांब' म्हणून आत गेली आणि नथ घालून आली. जन्मात तिने कधी फोटो काढलेला नव्हता. ती भिंतीपाशी इतकी ताठ उभी राहिली की भिंतच वाकडी वाटायला लागली.

रोल संपला. दोनच शब्द होते. दिनानाथच्या तोंडून ते निघाले नाहीत. दिवसभर राबलेली बाई नथ घालून आल्यावर तिला नाही कसं म्हणायचं, असं त्याला वाटलं असावं. त्याने फ्लॅशचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. अंजनीबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. अल्बम तयार झाला तेव्हा दिनानाथने निरोप धाडला, की तेवढा एक फोटो धुताना बिघडला.

त्यानंतर डिजिटल कॅमेरे आले आणि माझी फळीवर बदली झाली. दिनानाथची बायको वारली. तो गिऱ्हाइकांशीही मोजकंच बोलू लागला. दोन हजार सातच्या सुमारास त्याची भाची प्रीती दुकानात आली आणि बरोबर कॉम्प्युटर घेऊन आली. पासपोर्टचे फोटो ती चहा उकळेपर्यंत हातात ठेवी. मामाला काम उरलं नाही, तेव्हा तो दिवसभर तिला सूचना देत बसे. त्यातून सुटका व्हावी म्हणून तिने त्याला इंटरनेटवरचा कॅरम लावून दिला.

मी कॉम्प्युटरच्या वरच्याच फळीवर होतो, त्यामुळे मला सगळं दिसे. या खेळात समोर कोण बसलंय ते कळत नाही. फक्त त्याने घेतलेलं नाव दिसतं आणि खाली गप्पा टाइप करायची पट्टी असते. दिनानाथने स्वतःचं नाव 'जंगल का शेर' ठेवलं. हा माणूस झुरळ दिसलं की स्टुलावर चढतो. त्याचा रोजचा जोडीदार होता 'राणीचा राजा'. राजाने आपण लंडनला असतो असं सांगितलं. दिनानाथने प्रीती बघत नाही ना याची खात्री केली आणि एका बोटाने टाइप केलं, कॅनडा. वर 'इकडे बर्फ फार' असंही लिहिलं. तेव्हा तो बनियनवर पंख्याखाली बसला होता.

त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. डाव रंगात आला की लाईट जाई आणि पडदा काळा होई. दुसऱ्या दिवशी दिनानाथ लिही, माफ करा, बर्फामुळे तार तुटली. राजा लिही, काही हरकत नाही, धुक्यामुळे आमचंही बंदच होतं. असं बरेच दिवस चाललं. मग लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं आणि दिनानाथ बोलण्याच्या भरात लिहून गेला, उद्यापासून आमची लाईट दुपारी जाणार. पलीकडून लगेच उत्तर आलं, आमची पण.

दिनानाथने ते दोनदा वाचलं. मग राजाने विचारलं, "तुमचं कॅनडा अंबरनाथच्या अलीकडे की पलीकडे?"

दिनानाथ इतका हसला की प्रीती गिऱ्हाइकाला धबधब्यासमोर तसाच सोडून बघायला आली. लंडन निघालं बदलापूरचं एक सायबर कॅफे. राजा कारखान्याची पाळी संपवून तिथे खेळायला बसायचा. त्या दिवसापासून दोघं खरं बोलू लागले. कुठे गुडघा दुखतो, घरी कोण रागावलं, डब्यात काय होतं, सगळं. खरी नावं मात्र कुणी विचारली नाहीत. बायको गेल्यापासून दिनानाथ इतकं कुणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. मला जरा हेवा वाटला, पण बरंही वाटलं.

एके दिवशी राजाने आईचं सांगितलं. ती पंचाहत्तरीला आली, पण घरात तिचा एकही फोटो नाही. कुणी मोबाइल पुढे केला की तोंड फिरवते. म्हणते, माझा एक फोटो काढलेला आहे, आधी तो आणा, मग दुसऱ्याचं बघू. माझ्या लग्नात नथ घालून उभी राहिली होती, आणि त्या फोटोवाल्याने फोटो बिघडवला. उद्या ती गेली तर माझ्या मुलांना आजी दाखवायला माझ्याकडे काय आहे? शेवटी त्याने लिहिलं, "तो फोटोवाला भेटू दे, स्ट्रायकर फेकून मारतो त्याला."

स्ट्रायकर मारायची पाळी दिनानाथची होती. त्याने मारलाच नाही. वेळ संपली, डाव गेला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. मला पापण्या नाहीत, तेव्हा आधी नजर त्यालाच वळवावी लागली.

मग त्याने कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. शेर, आजारी आहेस का? शेर, रागावलास का? राजाचे निरोप साचत गेले. प्रीतीने ते वाचले, मामाला खोदून विचारलं आणि सगळं काढून घेतलं. दिनानाथ म्हणाला, खरं सांगितलं तर एवढा एकच दोस्त आहे, तोही जाईल.

"मामा, जाऊन ये ना एकदा," प्रीती म्हणाली. "किती दिवस कॅनडात लपून बसणार?"

दिनानाथने राजाला कळवलं, की तुझ्या आईचा फोटो काढायला येतो. मग मला फळीवरून काढलं, धूळ पुसली आणि डोक्यावर तो फ्लॅशही चढवला. भिंगाच्या कडेला बुरशी आली होती, ती पाहून त्याला भरून आलं. मलाही आलं. रोलसाठी आम्ही कॅम्प दोनच्या त्याच दुकानात गेलो. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. दुकानदाराचा मुलगा मुकेश याने मागच्या खोक्यातून एक रोल शोधून काढला. "डेट निकल गई है, अंकल, पण चालेल," असं म्हणून त्याने तो दिला. दिनानाथने दुसऱ्याच फोटोवाल्याचं सोंग घ्यायचं ठरवलं. रिक्षात तो रस्ताभर पाठ करत होता, की तो दुसरा फोटोवाला कोण होता देव जाणे, काकी, मी मात्र नीट काढतो.

चिखलोलीत राजाने, म्हणजे हिरामणने, त्याला मिठीच मारली. "या, या, कॅनडा," म्हणाला. लग्नातल्या दाट केसांच्या फोटोवाल्याला या टकलाखाली ओळखणं त्याला शक्यच नव्हतं. चहा झाला. अंजनीबाई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. दिनानाथने मला पिशवीतून बाहेर काढलं, तशी तिची सुपातली बोटं थांबली.

"यो लाल पट्टा मना ठाव हाय," ती म्हणाली.

दिनानाथचं पाठांतर तिथेच संपलं. तो कसाबसा म्हणाला, "काकी, तो फोटो धुताना..."

"धुताना काय नाय जाला. दिसभर तुजा डबा खटॅक खटॅक वाजत व्हता. माजे वक्ताला वाजलाच नाय. नुसता उजेड पडला. मना तवाच कललं."

हिरामण उठून उभा राहिला. एकदा आईकडे, एकदा दिनानाथकडे बघू लागला. त्याने आईला विचारलं, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस? लग्नघरात कशाला कुणाला रडवायचं, ती म्हणाली. पण फोटो बिघडला नव्हता, काढलाच नव्हता, हे तिला त्याच फोटोवाल्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तोपर्यंत ती दुसऱ्या कुणासमोर उभी राहणार नव्हती.

"रोल संपला होता, काकी," दिनानाथ म्हणाला. "मला सांगवलं नाही."

अंजनीबाईने सूप बाजूला ठेवलं आणि आत गेली. हिरामण दिनानाथकडे पाठ करून उभा राहिला. ती नथ घालून आली, भिंतीपाशी उभी राहिली आणि तिने एवढंच सांगितलं, की या वेळी आवाज ऐकू आला पाहिजे.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा फोटो होता तो. दिनानाथने बटण दाबलं आणि माझ्यातून काहीच निघालं नाही. इतकी वर्षं पडून राहून माझ्या आतलं तेल घट्ट झालं होतं.

"नाय वाजला," अंजनीबाई म्हणाली.

लाजेने मला त्या रोलमध्येच गुंडाळून घ्यावंसं वाटलं. दिनानाथने मला दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली आणि पुन्हा डोळ्याला लावलं. मी अंगातला सगळा जोर एकवटला. खटॅक.

"आता वाजला," ती म्हणाली.

हिरामणने डोळे पुसले. मग दिनानाथच्या पाठीत एक धपका घालून म्हणाला, "स्ट्रायकर बदलापूरला राहिलाय. नशीब तुझं."

ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. त्या लग्नात फोटो काढून घेतलेले आणि अल्बममध्ये न सापडलेले सगळेच जमले. प्रत्येक जण उभा राहण्याआधी बजावू लागला, आवाज आला पाहिजे हां. मी घसा बसेपर्यंत वाजलो. रांगेत शेवटी शेजारची गोजरबाई आली. तिनेही नवं लुगडं नेसलं होतं, नथ घातली होती, वर डोक्यात अबोलीचा गजरा होता. दिनानाथने खटका ओढला. तो हलेना.

सवयीने त्याचा अंगठा फ्लॅशच्या बारीक बटणाकडे गेला. फ्लॅश तर टपूनच बसला होता. हिरामण बघत होता, अंजनीबाई बघत होती. अंगठा तिथेच थांबला.

"मावशी, रोल संपला," दिनानाथ म्हणाला. "उद्या नवा आणतो. पहिला फोटो तुमचा."

गोजरबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग मी हे लुगडं सोडत नाही, अशीच निजते, असं सांगून निघून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती खरोखरच त्याच लुगड्यात ओट्यावर बसली होती. गजरा मात्र सुकला होता.

"इतकाच बोलायचा व्हता रं तवा," अंजनीबाई दिनानाथला म्हणाली आणि त्याच्यासाठी भाकरी टाकायला उठली.

तिचा फोटो आता हिरामणच्या घरात समोरच्या भिंतीवर आहे. जुन्या रोलमुळे जरा पिवळसर आला आहे. त्यात ती ताठ उभी नाही. मान एका बाजूला कललेली आहे आणि कान माझ्याकडे केलेला आहे, कारण त्या क्षणी ती आवाज ऐकत होती. दिनानाथ आणि हिरामण अजून रोज कॅरम खेळतात. लाईट गेली की एकमेकांकडे चहाला जातात. कॅनडाहून लंडनला रिक्षा लगेच मिळते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटावर पडला असेल तर त्याला अधूनमधून खाली काढा. भिंग मऊ फडक्याने पुसा, ओलीपासून जपा आणि एकदा तरी त्याचा आवाज ऐका. त्याच्या डोक्यावर फ्लॅश असेल तर त्याच्यावर माझ्यातर्फे लक्ष ठेवा. आणि कधी कुणी तोंड धुऊन, नथ घालून तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं आणि तुमच्याजवळ द्यायला काही उरलं नसेल, तर त्याला नुसता उजेड दाखवून जेवायला पाठवू नका. रोल संपला, असं सांगा. दुसऱ्या दिवशी नवा घेऊन जा.