दशमीची खुडणी

सकाळी नऊला रेवती वही, घड्याळ आणि पाट घेऊन परसात आली, आणि तिथंच उभी राहिली. विहिरीच्या भिंतीलगतच्या अकरा कृष्णतुळशींना एकही मंजिरी नव्हती. सगळे शेंडे नखानं खुडलेले. काल याच झाडांवर पंधरा मिनिटांत चौतीस मधमाशा बसल्या होत्या.

आज बारावा दिवस होता. पुण्याच्या एका संस्थेला फुलांवर येणाऱ्या माशांच्या पाहणीसाठी माणसं हवी होती. अर्जासोबत स्वतःच्या बागेतली नोंद मागितली होती: एकाच जातीची झाडं, एकच वेळ, सलग चौदा दिवस. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन वर्षभर कुरुंद्यात घरी बसलेल्या रेवतीला विषयाला याहून जवळची नोकरी दिसली नव्हती. पहिल्यांदा तिनं झेंडू धरला. सातव्या दिवशी दसरा आला आणि झेंडू तोरणात गेला. तो दोष तिचाच होता. म्हणून या खेपेला तिनं पंचांग पुढ्यात घेऊन आखणी केली. नरकचतुर्दशीला सुरुवात, द्वादशीला शेवट. एकादशी-द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणजे शेवटचे दोन दिवस तर अगदी बिनघोर. तसं तिनं वहीत लिहूनही ठेवलं होतं.

ओसरीवर गंगूताई, तिची आत्या, दोन परड्यांवर ओलं फडकं झाकत होती.

"आत्या, परसातली तुळस तू खुडलीस?"

"मग काय उंदरानं? उद्या देवळात सहस्रतुळस आहे. उद्या-परवा झाडाला हात लावायचा न्हाई. मग आजच नको का खुडायला?"

रेवती देवळाच्या पुजाऱ्याची लेक. 'एकादशीला तोडत नाहीत' हे जन्मभर ऐकलेलं. पण न तोडलेली तुळस एकादशीला देवापुढं येते कुठून, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"मी तुला चौदा दिवस म्हणाले होते."

"व्हय. अकरा दिवस मी बोट लावलं का? दाराच्या वृंदावनातल्यावर भागवलं. उद्या-परवा तसंही कोणी तोडत न्हाई. चौदातला एकच दिवस मी घेतला, तेरा तुझे. हिशेब बराबर हाय."

"दोन दिवसांत मंजिरी परत येते का, आत्या?"

"दोन दिवसांत कशी येईल? आठ-दहा दिवस तरी लागतात. अन् खुडली तर झाड टिकतं, बी धरू दिलं की वाळतं. हे तुझ्या पुस्तकात न्हाई का?"

होतं. तेच तर रेवतीला जास्त लागलं.

नाना, तिचे वडील, सोवळं नेसून देवळात निघाले होते. त्यांनी जाता जाता तोडगा सांगितला. "काल चौतीस होत्या ना? आज तीस लिही. माशा काही सही करायला येत नाहीत."

"नाना, उद्याची एकादशी आजच झाली, असं तुम्ही कुणाला सांगाल का?"

नाना चपला सरकवून गेले.

रेवती पाट टाकून बसली. माशा नेहमीच्या वेळेला आल्या. निळ्या पट्ट्यांची एक माशी खुडलेल्या शेंड्यासमोर हवेत थांबली, डावीकडं झाली, पुन्हा तिथंच आली आणि निघून गेली. नियम स्पष्ट होता: फुलावर बसली तरच मोजायची. तिनं शून्य लिहिलं, आणि पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

एकादशीलाही ती बसली. उपासाची भगर चुलीवर ठेवून आत्या मागं येऊन उभी राहिली.

"फुलं न्हाईत, मग कशाला ताटकळून राहिलीस?"

"सलग चौदा दिवस म्हटलंय म्हणून."

आत्यानं एका माशीकडं बोट केलं. "ही त्याच शेंड्यापाशी काहून येऊन राहिली?"

"तिथं परवापर्यंत फूल होतं. तिला ठाऊक आहे."

"मग आता न्हाई, हे कळायला किती दिवस लागतात तिला?"

रेवती वळून बघायला लागली. हे तिला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणी विचारलंही नव्हतं, आणि विचारलं कुणी, तर जिनं अकरा दिवसांवर पाणी फिरवलं तिनं. तिनं वहीत एक नवा रकाना आखला: येऊन परत फिरल्या. काल मोजल्या नव्हत्या, त्याची चुटपुट लागली. आजच्या एकोणीस. द्वादशीला नऊ.

त्या संध्याकाळी अर्ज भरायची मुदत संपत होती. फोनवरच्या फॉर्मात दिवसाला एकच चौकोन, आणि त्यात फक्त आकडा. 'मंजिऱ्या खुडल्या' असं लिहायला गेलं की चौकोन लाल व्हायचा. एकोणीस आणि नऊ तिथं लिहिले, तर वाचणारा म्हणेल, एवढ्या माशा फुलावर बसल्या. बाराव्या चौकोनात तीस लिहिले, तर कुणाला काही कळणार नव्हतं. ते सगळ्यात सोपं होतं. तिनं तीन टाइप केला, शून्य टाइप केलं, आणि दोन्ही पुसले.

"किती लिहिलंस?" शेंगा निवडताना आत्यानं विचारलं.

"शून्य."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही. आळशीपणा केला असं वाटेल त्यांना."

"अन् त्या नऊजणी?"

"त्यांना फॉर्मात जागा नाही."

"मंग ज्यानं हा फॉर्म केला, त्याच्या घरी तुळस नसंल," आत्या म्हणाली. स्वतःच्या परड्यांबद्दल मात्र 'चुकलं' असं ती अजूनही म्हणाली नव्हती.

रेवतीला तिचा राग आला, फॉर्मचा आला, आणि पंचांग अर्धंच वाचलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तीन शून्यांवरून एकदा नजर फिरवून तिनं अर्ज पाठवला.