गोजरच्या छातीतली चूक वेचणारी

मी एका जुन्या घराण्यातली चूक वेचणारी आहे, मित्रांनो. शाळा शिकलेले लोक मला एन्झाइम म्हणतात. म्हणोत बापडे. काम चोख असलं की नावाशी काय करायचंय?

माझं घराणं कोरोना विषाणूचं. तोंड वाकडं करू नका, आधी ऐका. हा विषाणू मोठा ऐतखाऊ. येताना बरोबर फक्त एक लांबलचक चिठ्ठी आणतो, आरएनएची. चूल नाही, भांडं नाही, सगळं दुसऱ्याच्या घरचं वापरायचं. माझा जन्म मुरबाडकडच्या एका डोंगरपाड्यावर, गोजर नावाच्या म्हातारीच्या घशात झाला. तिच्याच पेशींनी ती चिठ्ठी वाचली आणि तिच्याच अंगातल्या मालातून आम्हाला घडवलं. म्हणजे घराणं माझं विषाणूचं, पण अंग गोजरच्या नाचणीच्या भाकरीचं. जन्मताना आम्ही सगळ्या बहिणी एकाच दोरीत गुंतलेल्या होतो. आमच्यातल्या कात्री बहिणीने एकेकीला कातरून मोकळं केलं.

मग लागलो कामाला. त्या चिठ्ठीत तीस हजारांच्या आसपास अक्षरं. माझी एक बहीण तिची नक्कल करते. तिला आम्ही लावणारी म्हणतो. समोरचं अक्षर बघून त्याच्या जोडीचं अक्षर लावत सुटते. हात झपाट्याचा, पण लक्ष कुठे असतं देव जाणे. मी तिच्या मागून. मला वाचता येत नाही. पण शेवटचं अक्षर जोडीला नीट बसलं नसेल तर ते हलतं, आणि ते हलणं माझ्या हाताला कळतं. ते उपटून टाकायचं, मग ती तिथे नवीन लावते. बारक्या विषाणूंकडे बहुतेक माझ्यासारखी कोणी नसते, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या आखूड. आमची एवढी लांब चिठ्ठी टिकते ती माझ्यामुळे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

गोजरही माझ्यासारखीच. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे दात बघून वय सांगणारी बाई. आवणीला तिची सून अनिता पुढे भाताचं रोप लावायची, आणि गोजर मागून वाकडं रोप उपटत यायची.

"काय गो, डोळे माहेरी ठेवून आलीस काय?"

एकोणीस वर्षं अनिता हे ऐकत आली. मला मात्र गोजर फार आवडली.

आमची चिठ्ठी तिच्यात शिरली ती पाड्यावरच्याच भागीरथीच्या शेताच्या बांधावर. आवणीच्या बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, मिश्रीची डबी सगळ्यांत एकच. दाताला लावलेलं बोट परत डबीत. भागीरथी मधूनमधून खोकत होती आणि गोजरच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हसत होती.

तीन दिवसांनी गोजरला ताप भरला. दुसऱ्याच दिवशी तिच्या शेतावर इर्जिक होती. इर्जिक म्हणजे पाड्याने पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायचं. तापाचं कळलं असतं तर एकही बाई चिखलात उतरली नसती, आणि रोप तर आधीच जून होत चाललेलं. कपाळावर धरायचं तापाचं यंत्र घेऊन घरोघर तपासत फिरणारी गावची आशाताई अंगणात येताना दिसली, तशी गोजरने पदर हंड्यात बुडवला आणि कपाळावर दाबून धरला. यंत्राने थंड दाखवलं.

"बघ, बेडकावानी गार हाय मी," गोजर म्हणाली. "जा, दुसऱ्या घरी जा."

इर्जिक पार पडली. आत आमचीही चंगळ झाली. घशातून छातीत उतरलो. लावणारी लावतेय, मी उपटतेय, पेशीपेशीत नव्या चिठ्ठ्यांची रास. इतकं नेटकं काम मी कधी केलं नव्हतं. आणि जितकं माझं काम नेटकं होई, तितका गोजरचा श्वास अपुरा पडे.

तापाच्या आठव्या सकाळी तिला चुलीपासून पडवीपर्यंत चालवेना.

"आत्या, चला," अनिता म्हणाली. "शहापूरला न्यायला गाडी सांगितलेय."

"मी नाय येणार. दमलेय नुसती."

"तुमी पदर भिजवलात तो मी बघितला व्हता. तुमाला घाबरून बोलले नाय. आता नाय घाबरत."

"जीभ लांब झाली गो तुझी."

"झाली. उठा."

गाडीत बसायच्या आधी अनिताने आशाताईलाही सगळं सांगून टाकलं, म्हणून बाकीच्या बायकांची तपासणी झाली.

दवाखान्यात नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क चढला. मग सलाईनमधून एक औषध आलं, चिठ्ठीतल्या अक्षराचं सोंग घेऊन. लावणारीने ते खरं समजून लावलं. त्याच्यापुढे आणखी तीन अक्षरं लावली आणि ती अडकलीच. मी धावत गेले. शेवटचं अक्षर चाचपलं, तर ते पक्कं. खोटं अक्षर मागे, सगळ्यांत मिसळून, जरासुद्धा न हलता बसलेलं. माझ्या हाताला काही लागेना. एवढी मिरवणारी मी, नुसती उभी राहिले.

ते औषध प्रत्येकाला गुण देतंच असं नाही. इथे प्राणवायू होता, गोजरच्या अंगानेही कंबर कसली होती, आणि अनिता तर उशापासून हलत नव्हती. खरं सांगते, हरल्याचा मला राग यायला हवा होता. नाही आला.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी गोजरने मास्क थोडा बाजूला केला.

"अनिता, जेवलीस काय गो?"

 अनिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"आजी, मास्क लावा," सिस्टर म्हणाली.

"लावते. आधी हिला जेवाया धाडा."

आता माझं थोडंच उरलंय. मी जिथे राबले ती पेशी मोडत चालली आहे, आणि तिच्याबरोबर मीही. म्हणून शेवटचं ऐका, मित्रांनो. ताप आला तर लपवू नका. आणि घरात कोणी तुम्हाला घाबरून गप्प बसत असेल, तर त्याला जवळ बसवून बोलतं करा. अनिता आठ दिवस आधी बोलू शकली असती, तर गोजरच्या छातीपर्यंत जायला मला एवढी मोकळी वाट मिळाली नसती.